वेडाचे सोंग आणि अगाथाबाई

एखाद्या शहरात लागोपाठ दोन-तीन खून पडले आणि त्यांचा एकमेकांशी धागा जुळेना, की वृत्तपत्रांना, पोलिसांना आणि तुम्हा-आम्हा वाचकांना एक शब्द आयताच सापडतो : माथेफिरू. हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो उच्चारला की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. वेड्याला हेतू नसतो, तेव्हा हेतू शोधण्याचे श्रम वाचतात. वेडा आपल्यातला नसतो, तेव्हा शेजारपाजारच्या प्रतिष्ठित माणसांकडे संशयाने पाहण्याचा अवघड प्रसंगही टळतो. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी कादंबरीत या सोयीवरच नेमके बोट ठेवलेले आहे. ती कादंबरी कोणा मानसशास्त्रज्ञाची वा समाजचिंतकाची नव्हे. ती अगाथा ख्रिस्ती यांची आहे, आणि आगगाडीच्या प्रवासात वेळ घालवण्यासाठी म्हणून ती आजवर असंख्य लोकांनी वाचलेली आहे.

अगाथाबाई १२ जानेवारी १९७६ रोजी निवर्तल्या. त्यांच्या नावावर ६६ रहस्यकादंबऱ्या आहेत, आणि त्यांचे ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ च्या नोव्हेंबरात लंडनमध्ये सुरू झाले ते २०२० च्या महासाथीत नाट्यगृहे बंद होईपर्यंत अखंड चालू होते. एवढी लोकप्रियता लाभलेल्या लेखकाकडे समीक्षक सहसा दुरूनच पाहतात. कोडी घालणारी कुशल बाई, माणसांऐवजी सोंगट्या हलवणारी, असा शिक्का त्यांच्यावर बसला, तो बऱ्याच अंशी खराही आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा क्रम डोळ्यांसमोर ठेवून दोन विशिष्ट पुस्तके वाचली तर या सोंगट्यांखाली काही वेगळेच दडलेले आढळते.

त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावचा. वडील फ्रेडरिक मिलर अमेरिकन, सुखवस्तू, काहीही उद्योग न करणारे. मुलीला शाळेत घातले नाही. आठ वर्षांची होईपर्यंत तिने वाचू नये, असे आईचे मत. मुलीने पाचव्या वर्षाच्या सुमारास आपले आपणच वाचायला शिकून ते मोडीत काढले. अकराव्या वर्षी वडील वारले. तोवर घरचे उत्पन्नही आटत चालले होते. पुढे पॅरिसला संगीताचे शिक्षण झाले, आईबरोबर कैरोची एक थंडी झाली. वरच्या मध्यमवर्गातील मुलीचे ठरावीक आयुष्य ते. थोरल्या बहिणीने पैज मारली की तुला काही रहस्यकथा लिहिता यायची नाही, आणि ती पैज अगाथाबाईंच्या मनात रुतून बसली.

१९१४ साली महायुद्ध पेटले. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनी विमानदलातील अधिकारी आर्चिबाल्ड ख्रिस्ती यांच्याशी विवाह केला. नवरा आघाडीवर, आणि बायको टॉर्कीच्या रेडक्रॉस रुग्णालयात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणारी. काही काळाने त्यांची रुग्णालयाच्या औषधालयात बदली झाली. आपल्याकडे ज्याला कंपाउंडरचे काम म्हणतात ते त्या शिकल्या आणि १९१७ मध्ये त्याची परीक्षाही उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या कथांतील विषांचे अचूक ज्ञान येथले आहे, हे सर्वज्ञात आहे. मला मात्र या काळातील दुसरी एक हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. ज्या औषधविक्रेत्याकडे त्या शिकत होत्या तो गावातला मान्यवर माणूस. त्याने एकदा दशांशचिन्ह चुकीच्या जागी धरून औषधाच्या वड्या केल्या. त्यांत विषारी द्रव्य कितीतरी पट अधिक पडले. शिकाऊ मुलीला चूक दिसली, परंतु एवढ्या मोठ्या माणसाला ती चूक आहे असे सांगण्याची सोय नव्हती. तेव्हा तिने पाय अडखळल्याचे निमित्त करून वड्यांची ताटली पाडली आणि वर पायाने त्या तुडवल्या. याच गृहस्थाने खिशातून एक काळसर खडा काढून तिला दाखवला होता. ते क्युरारी हे जहाल विष होते. ते जवळ असले की आपल्या अंगी सामर्थ्य आहे असे वाटते, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलला. अगाथाबाई हे कधीच विसरल्या नाहीत. जवळजवळ अर्धशतकानंतर, १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीतील एक पात्र त्यांनी याच आठवणीतून उभे केले.

या दोन गोष्टींत अगाथाबाईंच्या पुढच्या लेखनाचे बीज आहे असे म्हणण्यास हरकत नाही. एक, जाणत्याला न दिसलेले कधी कधी नवख्याला दिसते. दुसरी, प्रतिष्ठित, नीटनेटका, हसतमुख गृहस्थ खिशात विष बाळगून हिंडू शकतो, आणि तो वेडा नसतो.

त्या सुमारास जर्मनांनी बेल्जियम व्यापल्यामुळे तेथील निर्वासितांचे तांडे इंग्लंडमध्ये आले होते आणि त्यांतले काही टॉर्कीतही राहत होते. त्यांच्यावरून अगाथाबाईंना आपला गुप्तहेर सुचला : निवृत्त बेल्जियन पोलिस अधिकारी हर्क्यूल पॉयरो. बुटका, अंड्याच्या आकाराच्या डोक्याचा, मिशांना मेण लावणारा, धुळीचा कण दिसला तरी अस्वस्थ होणारा. त्याच्या जोडीला कॅप्टन हेस्टिंग्ज. लढाईत जखमी होऊन परतलेला, सरळमार्गी, भाबडा, सुंदर स्त्रीवर चटकन विश्वास टाकणारा इंग्रज. जोडीची कल्पना शेरलॉक होम्स आणि डॉ. वॉटसन यांच्यावरून घेतली, हे बाईंनी कधी लपवले नाही. फरक असा की होम्स कितीही चमत्कारिक असला तरी तो इंग्रज होता, घरचा होता. पॉयरो उपरा आहे. इंग्रज माणसे त्याला हसतात, त्याच्यापुढे बेसावधपणे बोलतात. आणि तो त्यांच्या हसण्याचा उपयोग करून घेतो. १९१६ च्या सुमारास लिहिलेली ही पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी साभार परत केली. १९२० मध्ये ती अमेरिकेत व पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये निघाली. तिच्यापायी लेखिकेच्या हाती पडले पंचवीस पौंड.

हेस्टिंग्जचा बाईंना लवकरच कंटाळा आला. १९२३ च्या कादंबरीत त्यांनी त्याचे लग्न लावून त्याला अर्जेंटिनात गुरांच्या मळ्यावर पाठवून दिले. १९२६ साली ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ने त्यांना कीर्तीच्या शिखरावर नेले आणि त्याच वर्षाने त्यांना खाली ओढले. एप्रिलमध्ये आई गेली. जुने घर आवरण्याकरिता त्या टॉर्कीला जाऊन राहिल्या. झोप नाही, अन्न नाही, दुःखाला अंत नाही. एके दिवशी धनादेशावर सही करायला त्यांनी लेखणी उचलली आणि त्यांना स्वतःचे नाव आठवेना. ऑगस्टमध्ये नवऱ्याने सांगितले की आपले दुसऱ्या स्त्रीवर प्रेम आहे व आपल्याला घटस्फोट हवा.

३ डिसेंबर १९२६ च्या रात्री त्या मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरे परगण्यातील न्यूलँड्स कॉर्नर येथे ती मोटार उतारावर सोडून दिलेली सापडली. आत त्यांचा फरचा कोट होता. पुढचे अकरा दिवस इंग्लंडच्या वृत्तपत्रांना दुसरा विषय नव्हता. पोलिस, हजारो स्वयंसेवक, कुत्री, विमानेही शोधाला लागली, तळी धुंडाळली गेली. त्यांनी आत्महत्या केली असे काहींचे अनुमान, नवऱ्याने खून केला असा बहुतेकांचा संशय. खुद्द होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल यांनी काय करावे? परलोकविद्येवर श्रद्धा जडलेल्या त्या वृद्ध गृहस्थांनी बाईंचा एक हातमोजा मिळवून तो एका अतींद्रिय शक्तीच्या माणसाच्या हाती दिला! तर्कशास्त्राच्या महापुरुषाला जन्म देणाऱ्याने असा तपास करावा, यावर अधिक भाष्य नको. १४ डिसेंबरला बाई उत्तरेकडील हॅरोगेट येथील एका हॉटेलात सापडल्या. हॉटेलातील वादकांनी त्यांना ओळखले होते. नोंदवहीत त्यांनी नवऱ्याच्या प्रेयसीचे आडनाव लावले होते. नवरा समोर आला तेव्हा स्मृती गेल्याचे सांगण्यात आले, डॉक्टरांनी तसा निर्वाळाही दिला. लोकांना मात्र तो पटला नाही. प्रसिद्धीसाठी केलेले नाटक, असा बोभाटा झाला. शोधाच्या खर्चाचा हिशेबही मागितला गेला.

हे नाटक होते की आजार, याचा वाद चरित्रकार अद्याप घालीत आहेत. ज्या बाईला सहा महिन्यांपूर्वी स्वतःचे नाव आठवत नव्हते तिच्या बाबतीत मला तो वादच निरर्थक वाटतो. ते काही असले तरी एक अनुभव त्यांच्या पदरी पडला : आपल्याच स्मृतीचा भरवसा नसणे, आणि त्याच वेळी साऱ्या देशाने आपल्याबद्दल निकाल देऊन मोकळे होणे.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसने निघून बगदादला गेल्या, ऊर येथील उत्खनन पाहिले. १९३० च्या दुसऱ्या फेरीत तेथे मॅक्स मॅलोवन हा चौदा वर्षांनी लहान असलेला पुरातत्त्वज्ञ भेटला आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी एडिंबरोला लग्न केले. इराक व सीरियातील उत्खननांच्या जागी तंबूत, मातीच्या घरात बसून त्या लिहीत, फुटकी खापरे जुळवीत, आणि पुढे निमरूद येथे सापडलेल्या हस्तिदंती वस्तू चेहऱ्याला लावण्याच्या मलमाने स्वच्छ करीत. हा त्यांच्या लेखनाचा भरभराटीचा काळ. ‘द एबीसी मर्डर्स’ ही या काळातली.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांची क्षमा मागून तिचे रहस्य येथे फोडावे लागत आहे. त्यावाचून माझे म्हणणे मांडता येणार नाही.

अर्जेंटिनातून हेस्टिंग्ज काही महिन्यांसाठी लंडनला परत येतो. पॉयरोला ‘एबीसी’ अशा सहीचे एक टंकलिखित पत्र आले आहे. अमुक तारखेला अँडोव्हर गावावर लक्ष ठेवा, असे आव्हान. त्या तारखेला अँडोव्हरमध्ये अ‍ॅशर नावाची तंबाखूचे दुकान चालवणारी म्हातारी मारली जाते. मग बेक्सहिलला बार्नार्ड नावाची उपाहारगृहात काम करणारी मुलगी. मग चर्स्टनला क्लार्क नावाचे श्रीमंत सरदार. प्रत्येक प्रेताशेजारी आगगाड्यांचे वर्णानुक्रमी वेळापत्रक. देशभर भीती पसरते. ‘डी’ अक्षराची गावे जीव मुठीत धरून बसतात. स्कॉटलंड यार्डचा तरुण, तरतरीत इन्स्पेक्टर, वेड्यांचे डॉक्टर, वृत्तपत्रे, सर्वांचे एकमत होते : माथेफिरू. १८८८ साली लंडनमध्ये बायकांची हत्या करणाऱ्या ‘जॅक द रिपर’च्या नावाने अशीच पत्रे आली होती, त्याची आठवण तेव्हाच्या वाचकाला झाल्याशिवाय राहिली नसेल.

आणि माथेफिरू सापडतोही. अलेक्झांडर बोनापार्ट कस्ट हा बायकांचे रेशमी पायमोजे विकत गावोगाव फिरणारा एक ओशाळवाणा माणूस. आईने दोन जगज्जेत्यांची नावे ठेवली आणि आयुष्यभर ती नावे त्याला वेडावीत राहिली. महायुद्धात डोक्याला मार बसलेला, फेफऱ्याचे झटके येणारा, मधले तास आठवत नसलेला. प्रत्येक खुनाच्या दिवशी तो त्या त्या गावी होता. स्वतःच्या बाहीवर रक्त पाहून त्यालाही वाटू लागते की हे आपणच केले असावे. तो पोलिसांच्या हाती येतो. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अशा माणसापुढे दोनच वाटा होत्या, फासाचा दोर किंवा वेड्या गुन्हेगारांचे बंदिस्त रुग्णालय. सारे सुटकेचा निःश्वास टाकतात.

पॉयरो टाकीत नाही. कारण त्याला एक साधी गोष्ट खुपते आहे. तिसरे पत्र चुकीच्या पत्त्यामुळे उशिरा पोचले होते. यावर अनेक तर्क होतात. आणि हेस्टिंग्ज, ज्याच्या बुद्धीची पॉयरो सदैव थट्टा करतो तो हेस्टिंग्ज, सहज बोलून जातो की ते उशिरा पोचावे म्हणूनच तसे पाठवले असेल. यार्डाला आणि डॉक्टरांना जे सुचले नाही ते या भाबड्या माणसाला सुचते, कारण त्याच्या डोक्यात कोणताही सिद्धांत नाही. औषधाच्या वड्या पाडणारी टॉर्कीची मुलगी मला येथे आठवते. या एका वाक्याचा धागा धरून पॉयरो उलगडा करतो : खून चार असले तरी हेतू एकाच खुनाला आहे. सरदार क्लार्क यांच्या भावाला वारसा हवा होता. भावाने दुसरे लग्न केले तर तो हातचा जाईल, म्हणून त्याने एका खुनाभोवती इतर खुनांचे कुंपण घातले. आणि वेडा हवा म्हणून तो आधीच शोधून, पायमोजे विकण्याच्या नोकरीवर नेमून, गावोगाव पाठवून ठेवला. खुनी देखणा, उमदा, सर्वांचा आवडता. पोलिसांना मदत करण्यात तो सर्वांच्या पुढे होता.

कादंबरीतील हेस्टिंग्जच्या निवेदनात मधूनमधून कस्टची छोटी प्रकरणे येतात. ती वाचताना आपणही त्याला खुनी ठरवून टाकतो. शेवटी लाज वाटते ती पोलिसांची नव्हे, आपलीच. अकरा दिवसांच्या त्या अनुभवाशिवाय बाईंना कस्ट इतक्या आतून रंगवता आला असता, असे मला वाटत नाही. त्यांच्या शेकडो पात्रांत ज्याच्यासाठी जीव कळवळतो अशी फार थोडी आहेत, आणि हा त्यांपैकी एक आहे.

वास्तवातील मालिका-खुनी अगाथाबाईंच्या आराखड्याप्रमाणे वागत नाहीत, हा आक्षेप मान्य केला पाहिजे. एका वारशासाठी तीन परक्यांचे जीव घेणारा कथेतच शोभतो. परंतु पत्रावर विश्वास ठेवून आपल्या मनातला खुनी आधी घडवायचा आणि मग तो शोधायला निघायचे, ही चूक कथेतली नाही. त्यांच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच, १९७८-७९ मध्ये, यॉर्कशायरमध्ये बायकांचे खून करणाऱ्या माणसाच्या नावाने पोलिसांकडे पत्रे आणि एक ध्वनिफीत आली. फितीतील बोलण्याची ढब ईशान्य इंग्लंडची होती. तपास तिकडे वळला. खरा खुनी पीटर सटक्लिफ याची पोलिसांनी अनेकदा चौकशी करून त्याला सोडून दिले होते. त्याची ढब जुळत नव्हती. १९८१ च्या जानेवारीत तो पकडला जाईपर्यंत आणखी तीन स्त्रियांचा बळी गेला. फीत पाठवणारा कोणी दुसराच लबाड होता, हे न्यायालयात सिद्ध व्हायला २००६ साल उजाडले.

बाईंचे दोष झाकण्याचे कारण नाही. परक्यांविषयी, विशेषतः ज्यूंविषयी, त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांत वाचवणार नाहीत असे उल्लेख आहेत. १९३९ च्या एका कादंबरीचे वर्णद्वेषी नाव पुढे बदलावे लागले. नोकर-मोलकरणींकडे त्या बहुधा वरूनच पाहतात. एका निर्वासिताला नायक करणाऱ्या लेखिकेने असे लिहावे, ही विसंगती तशीच नोंदवून ठेवली पाहिजे. तरीही चार खुनांच्या या गोष्टीत पॉयरो सरदाराच्या मृत्यूइतकेच दुकानदार म्हातारीच्या मृत्यूकडे लक्ष देतो, हेही खरे आहे.

दुसरे पुस्तक ‘कर्टन’. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभीच्या वर्षांत, लंडनवर बॉम्ब पडत असताना, बाईंनी पॉयरोची ही अखेरची कथा लिहिली आणि मुलीच्या नावे करून कुलपात ठेवली. येथे पुन्हा हेस्टिंग्ज आहे, आता विधुर. पॉयरो संधिवाताने जखडून चाकांच्या खुर्चीत. आणि पुन्हा एकामागून एक खून घडवणारा माणूस. परंतु याने स्वतःच्या हाताने एकही खून केलेला नाही. समोरच्याच्या मनातील राग, मत्सर, भीती हेरून तो नेमका शब्द योग्य वेळी टाकतो. पुढचे काम तो माणूसच करतो. कायद्याला त्याला स्पर्श करता येत नाही. इतकेच नव्हे, तर मुलीच्या काळजीने बेभान झालेला सज्जन हेस्टिंग्जही एका रात्री विषाची बाटली हाती घेतो. पॉयरोने त्याला गुंगीचे औषध देऊन झोपवले नसते तर या जोडीतील भला माणूस खुनी ठरला असता. पहिल्या पुस्तकात दुबळ्या माणसाच्या माथी खून मारला जातो. या पुस्तकात तो त्याच्या हातून करवून घेतला जातो. शेवट मात्र मी येथे सांगत नाही. एका लेखात एकच रहस्य फोडावे.

१९७१ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. प्रकृती ढासळत गेली, नवी कादंबरी हातून होईना, तेव्हा १९७५ साली कुलपातली ‘कर्टन’ बाहेर काढण्यात आली, आणि न्यूयॉर्क टाइम्सने पॉयरोच्या निधनाची वार्ता पहिल्या पानावर छापली. कथेतल्या माणसाला असा मान क्वचितच मिळतो. त्यानंतर काही महिन्यांतच वॉलिंगफर्ड येथील घरी अगाथाबाई गेल्या. जवळच्या चोल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. पुढच्या वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात औषधालय आहे, खिशात विष बाळगणारा गृहस्थ आहे, आईचा मृत्यू आणि धनादेशावरची विसरलेली सहीही आहे. डिसेंबर १९२६ च्या त्या अकरा दिवसांविषयी एक अक्षरही नाही.